सगुणा पाटलिणीचा बदली

महाडच्या कचेरीच्या ओसरीवर मी अर्जनवीस म्हणून बसायला लागलो ते सन तीसच्या आसपास. पुढ्यात बुटकं मेज, दौत, दोन टाक आणि समोर उकिडवा बसलेला पक्षकार. त्याचं सांगणं ऐकायचं आणि ते सरकारी भाषेत उतरवायचं, हा धंदा. या धंद्यात माणूस लवकर निबर होतो. भावाभावांची भांडणं, बांध कोरल्याच्या तक्रारी, नांदवत नाहीत म्हणून रडणाऱ्या लेकी, सगळं एकाच चालीत लिहून होतं. मीही तसाच झालो होतो. सगुणाबाई भेटल्या नसत्या तर शेवटपर्यंत तसाच राहिलो असतो.

सगुणाबाई पोलादपूरच्या वरच्या, कशेडी घाटाच्या अंगाला असलेल्या धारेच्या कोंडाच्या. नवरा तिथला वतनदार पोलीस पाटील. तो तापानं गेला, बाईंच्या पोटी मूल नव्हतं, म्हणून वतनाच्या रजिस्टरात बाईंचं नाव लागलं. पण नाव लागलं तरी पाटीलकी बाईला चालवता येत नसे. कायदा तसाच होता. ज्याच्या नावावर वतन, त्यानं काम स्वतः करायचं; तो वयानं अज्ञान असला किंवा ती बाई असली, तर बदली माणूस द्यायचा. बदली कोण ते सुचवायचा हक्क वतनदाराचा, मंजुरी प्रांतसाहेबांची. बदली वयात आलेला हवा, चालचलणुकीनं चांगला हवा, शक्यतो वतनी घरातला हवा. गावोगावच्या विधवा या कलमाखाली दिराचं नाहीतर पुतण्याचं नाव देत, अंगठा उठवत आणि परत जात. त्यांचा आवाज कचेरीनं कधी ऐकलेला नसे.

सगुणाबाईंचे दीर दौलतराव असाच एक अर्ज घेऊन आले. चांगला धिप्पाड, फेटेवाला गडी. अर्ज कुठूनतरी लिहून आणलेला, खाली अंगठा उठलेला. मजकूर नेहमीचाच: मी विधवा सगुणा, माझे दीर दौलत यांस बदली नेमावे. अंगठा करणाऱ्याला कागद वाचून दाखवायचा म्हणून कारकुनानं बाईंना आणायला सांगितलं होतं. दौलतरावांनी आणलं होतं, पण उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. "लाजते ती. बाहेरूनच ऐकेल," म्हणाले.

कारकुनानं भराभर वाचलं. बाहेरून आवाज आला, "परत वाच रे दादा. सावकास वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. मग बाई उंबरा ओलांडून आत आल्या. उंच, काटक, पांढऱ्या कपाळाची बाई. पन्नाशीला आलेली असेल. टेबलाशी येऊन म्हणाल्या, "ह्यो अंगठा कुनाचा हाय?"

"तुमचाच की," कारकून म्हणाला.

"माझा नाय."

दौलतराव हसले. "वहिनी, इसरलीस काय? परवा ओटीवर बसून नाय का उठवलास?"

बाईंनी शाईच्या गादीवर उजवा अंगठा दाबला आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर उठवला. पेरावर कधीकाळी कोयता बसलेला होता. वरपासून खालपर्यंत खोल खाच. कागदावर त्या अंगठ्याची दोन फाका उठल्या आणि मधून पांढरी रेघ गेली. अर्जावरचा अंगठा सबंध गोल होता.

आम्ही सगळे त्या दोन ठशांकडे बघत राहिलो. पट्टेवाला पाणी घेऊन येत होता, तो दारातच थांबला. दौलतरावांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. कारकुनानं विचारलं, "बाई, फौजदारी करायची का?"

"फाडा तो कागद," त्या म्हणाल्या. "आनि मला कोरा द्या."

तो कोरा कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या, आणि तिथून पुढे त्यांचं सगळं लिखाण माझ्याकडे राहिलं.

इतर पक्षकार समोर बसत. सगुणाबाई माझ्या बाजूला, पायरीवर बसत. कागदावर काय चाललंय ते दिसलं पाहिजे. अक्षर एक येत नव्हतं. तरी प्रत्येक कागद पुरा झाला की विचारायच्या, "माझं नाव कुठं हाय ते दाव." मी दाखवलं की त्याच्याखाली बोट टेकायच्या आणि थोडा वेळ ते तिथंच ठेवायच्या. पोलादपूरहून महाडला मोटार सुरू झाली होती, पण या पायी येत. मी एकदा म्हटलं, "मोटारीनं या की, पाय मोडतील." तर म्हणाल्या, "मोटारीत बसलं की वाटेतलं मानूस दिसत नाय. चालत आलं की मला चार गावचं कळते." काम होईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. काम झालं की सावित्रीच्या काठी जाऊन नाचणीची भाकरी सोडायच्या आणि दोन माणसांचं खायच्या.

त्या कोऱ्या कागदावर त्यांनी बदली म्हणून जे नाव सांगितलं ते ऐकून माझा टाक थांबला. रघुनाथ. धारेच्या कोंडाला त्याला सगळे रघू म्हणत. ठकू नावाच्या बाईचा मुलगा. आणि ठकू ही सगुणाबाईंच्या नवऱ्यानं कोंडाच्या खालच्या अंगाला खोपटात ठेवलेली बाई.

मी हळू आवाजात म्हटलं, "पाटलीणबाई, हा लेकावळा. वतनी घरातला धरणार नाहीत त्याला."

"घरातला असला तं बरा, नसला तं चालतच नाय, असं हाय का कायद्यात?"

तसं नव्हतं. घरातला लायक माणूस नसेल तर बाहेरचाही देता येत होता. मी ते कबूल केलं.

"मग लिव."

दौलतरावांनी हरकत घेतली, म्हणून प्रांतसाहेबांनी पोलादपूरच्या मुक्कामात सुनावणी ठेवली. धारेच्या कोंडाचं निम्मं गाव उतरून आलं होतं. रघू एका बाजूला उभा होता; पंचविशीचा, सावळा, मुंबईला गिरणीत असताना रात्रीच्या शाळेत लिहायला शिकलेला. हातातली टोपी सारखी फिरवत होता. साहेबांनी दुभाष्यामार्फत बाईंना विचारलं, हा इसम तुमचा कोण?

असल्या प्रश्नाला बायका मान खाली घालतात. माझ्या मनात उत्तर तयार होतं, गावचा एक होतकरू मुलगा म्हणून सांगा, असं मी त्यांना वाटेत पढवलंही होतं. सगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्या गावासमोर स्वच्छ म्हणाल्या, "माझ्या मालकाचा मुलगा."

एक म्हातारा "अगो, अगो" करत उठून निघूनच गेला. दौलतरावांनी मान फिरवली. रघूनं टोपी तोंडावर धरली, आणि टोपीमागे तो रडत होता हे त्याच्या खांद्यांवरून सगळ्यांना दिसत होतं. त्याला कुणी असं म्हटलेलं त्यानं जन्मात ऐकलं नसावं. ज्यानं म्हणायला हवं होतं तो तर न म्हणताच मेला होता.

मंजुरी मिळाली. सुनावणीहून बाहेर पडताना मी विचारलं, "बाई, एवढा हट्ट कशाला? गावात दुसरा कोणी नव्हता?"

त्या चालत चालत म्हणाल्या, "दुसऱ्या कुनालाबी दिला असता तं तो कुनाच्या तरी ओटीवरचा निगाला असता. ह्याला कोन ओटीवर घेत नाय. मग हा कुनाचा मिंधा व्हईल, सांग?"

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. दोघांनाही वाटलं.

तीन वर्षं रघूनं काम इतकं नेटकं केलं की कचेरीतले कारकून त्याचे कागद दुसऱ्या गावच्या पाटलांना दाखवायचे. जन्ममृत्यूची नोंद वेळच्या वेळी, दरड कोसळली की रस्त्याची खबर त्याच दिवशी. त्याची एक रीत होती. महाडला जाणारा प्रत्येक कागद तो आधी सगुणाबाईंच्या पडवीत जाऊन त्यांना वाचून दाखवी. त्या तांदूळ निवडत ऐकत. एखादा शब्द खटकला तर हात थांबवत. हात थांबला की रघू तो शब्द बदलत असे. हे मला रघूनंच सांगितलं होतं, हसत हसत. "काकीला वाचता येत नाय, पन चूक ऐकू येते," म्हणाला होता.

मग पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. सकाळीच ओसरीवर आलो तर सगुणाबाई पायरीवर बसलेल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, पायाच्या नखातून रक्त आलेलं. म्हणाल्या, "दादा, गेल्या पंधरवड्यात आमच्या गावातून मयताचा कागद आलाय. त्याची नक्कल काढ आनि मला वाचून दाव."

दौलतरावांची धाकटी सून पारू वारली होती, एवढं मला कचेरीत कळलं होतं. वीस वर्षांचीही नसेल. मी नक्कल काढली. रघूच्याच सुवाच्य अक्षरात पंचनामा होता. पाणी भरताना शेवाळावर पाय घसरून विहिरीत पडली, अंगावर संशयास्पद खूण नाही, पंचांच्या मते अपघात. खाली दोन पंचांचे अंगठे आणि सही: रघुनाथ, बदली पोलीस पाटील, वतनदार सगुणाबाई यांजकरिता.

मी वाचून संपवलं. त्या म्हणाल्या, "खुनेचं परत वाच."

"अंगावर संशयास्पद खूण नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं. बाईमाणसानं असं कचेरीच्या ओसरीवर धरावं, आणि तेही सगुणाबाईंनी! "आंघोळ मी घातली तिला," म्हणाल्या. "मानंवर दोन्ही अंगांनी बोटं उठली व्हती. काळीनिळी. मी रघूला आत बोलावला. त्याचा हात धरून दावली. म्हनलं, बघून ठेव, लिवायला लागंल. त्यानं बघितलान. हो म्हनलान."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. रघू त्या वेळी पडवीत कागद वाचायला आला नाही. त्यांना वाटलं, घाईनं पाठवला असेल, फौजदार येईल. फौजदार आला नाही. वाट बघता बघता तेरावा आला. पारूच्या तेराव्याला दौलतरावांच्या अंगणात भावकीची पंगत बसली. सगुणाबाई वाढायला होत्या. भाताची परात घेऊन त्या ओळीनं आल्या, आणि दौलतरावांच्या शेजारच्या पाटावर रघू बसलेला. भावकीच्या पंगतीत. जन्मभर ज्याला त्या अंगणाच्या गडग्याबाहेर द्रोण ठेवून वाढलं, तो. गळ्याशी नवं उपरणं. दौलतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाढ गो वहिनी, आपल्याच घरचा हाय."

"मी त्याच्याकडं बघितलं," सगुणाबाई म्हणाल्या, "आनि तो पत्रावळीकडं बघत रायला. तेवाच मला कळलं, कागदात काय असंल ते. परात खाली ठेवली नि निगाले."

धारेच्या कोंडापासून महाड म्हणजे चिखलातून मोठं चालणं. त्यांनी वाटेत कुठे टेकलं असेल असं वाटत नव्हतं.

पुढे त्यांनी जे मागितलं त्याला मी प्रथम नकार दिला. मामलेदार रावसाहेबांकडे अर्ज करायचा, की माझ्या बदलीनं पाठवलेला पंचनामा खोटा आहे. मी म्हटलं, "बाई, समजून घ्या. बदलीनं खोटं लिहिलं तर तो तुरुंगात जाईल. आणि बदली दिलात तुम्ही. तुमचा सुचवायचा हक्क जाईल. पाटीलकी जो कोणी चालवेल तो साहेबाच्या मर्जीचा असेल. दौलतरावांचाही असेल कदाचित. आणि भावकी तुम्हाला जगू देणार नाही."

"सही कशी हाय म्हनलास तू? सगुनाबाईकरता. व्हय ना?"

"हो."

"म्हंजे ते मीच लिवलं. त्या पोरीच्या मानंवर खूण नाय, असं मी सरकारला सांगतलं. लिव दादा. नायतं दुसऱ्याकडं जाते."

मी लिहिलं. माझं अक्षर कधी वाकडं येत नाही. त्या दिवशी आलं. त्यांनी नाव कुठे आहे ते विचारलं, बोट टेकलं आणि दुभंगलेला अंगठा उठवला.

रावसाहेबांनी फौजदाराला धाडलं. पारूचं दहन झालेलं, त्यामुळे खुणेचा पुरावा असा उरलाच नव्हता. आंघोळीला सगुणाबाईंबरोबर आणखी एक म्हातारी होती, तिनं "मला दिसत नाय" म्हणून हात झटकले. दोन्ही पंच आपल्या अंगठ्याला चिकटून राहिले. दौलतरावांनी सांगितलं, वहिनीचं डोकं फिरलंय, वतनाच्या रागानं बोलते. प्रकरण बाईंच्या एकट्या शब्दावर येऊन लटकलं.

चौकशीच्या दिवशी रावसाहेबांनी रघूला समोर उभं केलं आणि विचारलं, हा पंचनामा खरा आहे ना? तो "होय" म्हणाला. डोळे वर न करता, पण स्पष्ट म्हणाला. सगुणाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले. "सायब, एक मागनं हाय. त्याला तो कागद माझ्यासमोर वाचू द्या. येवढा एकच कागद त्यानं मला वाचून दावला नाय."

रावसाहेबांना त्यात गैर काही दिसलं नाही. कागद रघूच्या हातात दिला. अर्ज मी लिहिलेला म्हणून मलाही दाराशी थांबवून घेतलं होतं. मला त्याचा चेहरा सरळ दिसत होता. त्यानं तारीख वाचली. गावाचं नाव वाचलं. पारूचं नाव, नवऱ्याचं नाव, वय वाचलं. पाणी भरताना, इथपर्यंत आला. सगुणाबाई डोळे मिटून ऐकत होत्या, पडवीत ऐकत असतील तशा. तो पुढच्या ओळीवर आला आणि थांबला. पुन्हा "पाणी भरताना" म्हणाला. पुन्हा थांबला.

"वाच रे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

तो मटकन खाली बसला. "नाय वाचवत, काकी," म्हणाला. "खूण व्हती. शंकऱ्यानं गळा दाबलान तिचा. मग इहिरीत टाकलानी. मला ठावं व्हतं."

शंकर म्हणजे पारूचा नवरा, दौलतरावांचा मुलगा. दौलतराव "खोटं! खोटं!" ओरडत पुढे धावले, त्यांना दोन शिपायांनी धरलं. रावसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी रघूला विचारलं, "काय दिलं होतं तुला?"

"काय नाय, सायब. पाट मांडला."

रावसाहेबांना ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. रघूनं पुन्हा तेच सांगितलं. मला कळलं होतं. वतनाच्या कायद्यात बदली कसा असावा याचे इतके शब्द आहेत. या माणसाला कुठली भूक आहे, ते विचारायला त्यात जागा नव्हती. ते आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. सगुणाबाईंनीही नाही.

शंकरला मोठी शिक्षा झाली. दौलतराव सुटले. रघूला खोट्या पंचनाम्याबद्दल काही महिने पडले. सगुणाबाईंचा बदली सुचवायचा हक्क गेला, आणि खालच्या वाडीतला एक माणूस साहेबांनी परस्पर नेमला. भावकीनं बाईंच्या घराकडे पाठ फिरवली. त्यांचं पाणी वेगळं, वाट वेगळी. हे मी दुसऱ्यांकडून ऐकत होतो, कारण त्यांचं कचेरीतलं काम संपलं होतं. ओसरीवरच्या पायरीकडे माझं लक्ष जायचं. तिथे दुसरी माणसं बसलेली असायची.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दासगावच्या बंदरात. माझे मेहुणे मुंबईहून यायचे होते म्हणून मी लाँचची वाट बघत होतो. धक्क्याच्या कडेला सगुणाबाई बसलेल्या. केस बरेच पिकलेले, एक दात पडलेला. मला ओळखलं. मी विचारलं, "कोण येणार आहे?"

"रघू सुटला," एवढंच म्हणाल्या.

लाँच लागली. उतारू उतरले. सगळ्यात शेवटी रघू आला. इतका वाळला होता की मी आधी ओळखलाच नाही. फळीवरून उतरताना त्याला बाई दिसल्या आणि तो तिथेच थबकला. मागचा खलाशी त्याच्यावर ओरडला. मग तो खाली आला, पण दहा पावलांवर उभा राहिला. जवळ यायला त्याचे पाय तयार नव्हते.

"काकी," तो म्हणाला, "मी आयला घेऊन परत म्हमईला जातो. गावात नाय येत."

"तुजी आय खोपटात नाय आता," सगुणाबाई म्हणाल्या. "पावसात भिंत पडली. माझ्या घरात हाय ती. माझ्या खोलीत. गुडघे गेलेत तिचे, म्हमईला कशी नेशील?"

रघू तोंड उघडं टाकून बघत राहिला. मीही. ठकू, त्या घरात! जिच्यामुळे या बाईनं पंचवीस वर्षं एकटीनं अंथरूण घातलं, ती तिच्या खोलीत. सगुणाबाई उठल्या, लुगडं झटकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "येते दादा. ती एकलीच हाय. तिला उठवून बसवायला मानूस लागते."

आणि त्या निघाल्या. रघू क्षणभर तिथंच होता, मग धावत त्यांच्या मागे गेला. माझे मेहुणे हाका मारत होते तरी मी रस्त्याकडेच बघत होतो. वळणापर्यंत दोघं दिसली. तो खाली मान घालून काहीतरी बोलत होता. त्या नेहमीच्या चालीनं चालल्या होत्या, त्याच्यासाठी वेग कमी न करता.